काउंटरच्या पलीकडे आपलं माणूस

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, नुसती मान हलवली, आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटली बिचारी." साळ्याला राग आला. आला तर आला. पोटाच्या आजारानं शेवटी तिला पाणीसुद्धा पचत नव्हतं. माझी बायको सुमन सुटली हे खरंच आहे. पण त्याआधी तिचा जीव जिथं अडकला होता, तिथून तो मोकळा झाला होता. ते सांगायला बसलो. मी चौथी शिकलेला, इतवारीत भांड्यांची हातगाडी ओढलेला माणूस, तेव्हा वाकडंतिकडं सांभाळून घ्या.

एकदा औषधवाल्यानं सुमनच्या हातात गोळ्या दिल्या, सांगितलं काहीच नाही. हिनं झोपेची गोळी सकाळी घेतली आणि बहिणीकडे मनसरला निघाली. मनसर मागे गेलं, बाई झोपलेली. कंडक्टरनं उठवलं ते थेट रामटेकला! आम्ही पोट धरून हसलो. ती नाही हसली. "आपलं एक तरी माणूस त्या काउंटरच्या पलीकडे पायजे," म्हणाली... आणि आमच्या अर्चनाकडे पाहत राहिली.

अर्चना बारावीला कशीबशी निघाली. मी म्हटलं, "काहून तिच्या मागे लागली वं? लग्न करून देऊ." सुमन म्हणाली, "पास झाली ना? मंग तुम्ही चूप बसा." फार्मसीच्या डिप्लोम्याला शेवटच्या फेरीत जागा मिळाली, आणि पहिल्याच वर्षी पोरगी नापास. पुस्तक फेकून रडत बसली, "आई, मले नाही जमत." सुमन तूर निवडत होती. सूप बाजूला न ठेवताच म्हणाली, "मोठ्यानं वाच. मंग पुस्तक मिटून मले सांग." मग रोज तेच. इंग्रजीतली ती औषधांची नावं, आणि ऐकणारी ही, जिला सही करायला घाम फुटायचा.

"अटकली तू."

"तुले काय समजते वं आई?"

"समजत काहीच नाही. पण तू थांबली ना मधात? पुन्हा म्हण."

दुसऱ्या खेपेला पोरगी निघाली. मार्क विचारू नका. धंतोलीत औषधांच्या दुकानात लागली, तोवर सुमनचं दुखणं सुरू झालं होतं. एकदा दवाखान्यातून परतताना ती हट्टानं त्या दुकानासमोरच्या बाकावर बसली. आत एक म्हातारा घाई करत होता. अर्चना त्याला सोडेना. "आजोबा, कोणती कवा घ्याची ते आता तुम्ही मले सांगा." त्यानं दोनदा चुकीचं सांगितलं, तिसऱ्यांदा बरोबर. सुमन पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी! म्हणाली, "चला घरी. झालं माह्यं."

तेरवी झाल्यावर अर्चनानं कोनाड्यातली आईची उरलेली औषधं खाली काढली. मी म्हटलं, "राहू दे वं, तिच्या हातची आहेत." ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्याचं औषध घरात ठेवत नसतात. चुकून कोणी घेईन." एकेक पाकीट कात्रीनं कापलं, पिशवीत भरलं. डोळे गळत होते, हात चालू होता... मी पाहत राहिलो. तो कोनाडा आता रिकामा आहे. पुसून स्वच्छ केलेला. सकाळी ऊन पडतं तिथं, आणि मला बरं वाटतं.