मायची कंबर

मोहाडीला मी मास्तरीण होते, सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून शाळेच्या व्हरांड्यात रोज सकाळी हठयोग शिकवायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. तरुणपणी ते नर्मदेकाठी एका साधूजवळ राहून आले होते. नुसती आसनं म्हणजे योग नव्हे, असा त्यांचा आग्रह. श्वास, झोप, जेवण, मन, सगळं एकमेकांत गुंतलेलं. पोटाचे चार भाग धरून दोन अन्नाला, एक पाण्याला द्यावेत आणि एक रिकामा ठेवावा, असं ते सांगत. मी हे घरी सांगितलं तेव्हा माय म्हणाली की तिच्या पोटात अशा भिंती घातलेल्या नाहीत, आणि तिनं ताटात आणखी भात वाढून घेतला.

मायची कंबर दुखायची. उभा जन्म रोवणीत गेलेला. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, चिखलात लावताना बायका ओळीनं वाकतात आणि लावत लावत मागे सरकतात. ओळीतली पहिली बाई वेग धरते, बाकीच्या तिच्या मागून. ती पहिली बाई म्हणजे माय. घर माझ्या पगारावर चालत होतं, तिनं बांधीत, त्या चिखलाच्या शेतात, उतरायची काही गरज नव्हती. पण ती जागा सोडायचा विषय काढला की ती दिवसभर माझ्याशी बोलत नसे.

एका उन्हाळ्यात तिला बसल्या जागेवरून उठवेना, म्हणून मी तिला जवळजवळ ओढतच व्हरांड्यात नेलं. गुरुजींनी पाय लांब करून पुढे वाकायला सांगितलं. आम्ही नोकरदार मंडळी गुडघ्यापर्यंत जातानाच घामाघूम व्हायचो. मायनं लुगडं सावरलं, कपाळ गुडघ्याला टेकवलं आणि तशीच निवांत बसून राहिली. मग पालथं पडून छाती उचलायची होती, भुजंगासन. ते मात्र तिला मुळीच जमेना. गुरुजी म्हणाले, शरीर एकाच बाजूला वळलंय, आता दुसरी बाजू शिकवायची, तोल आला की दुखणं जाईल.

आणि खरंच गेलं. पावसाळ्यापर्यंत ती भिंत न धरता उठू लागली. मी तर शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

रोवणीला मात्र भलतंच झालं. तिला वाकून राहता येईना. थोडे पऱ्हे लावले की ती आपोआप सरळ उभी राही आणि मागची सगळी ओळ खोळंबे. दुपारी दुसरीच बाई पहिल्या जागी आली. योगानं हिची कंबर सरळ झाली, आता ती वाकायची नाही, असं बायका म्हणाल्या आणि मायला ते पटलं. मी चिडून गुरुजींना विचारलं.

"शरीर तं बरं झालं, बाई," ते म्हणाले. "मंग असं काहून झालं, मलेबी समजून नाही राहिलं."

कुणाचं खरं मानावं? कंबर बरी झाली म्हणून काम बिघडलं, की नुसती सवय मोडली होती? होळीनंतर मायनं आसनं सोडली. मी भांडले, विनवलं, गुरुजीही घरी येऊन गेले. ती ऐकेना.

पुढच्या वर्षी रोवणी सुरू झाली त्या सकाळी ती भिंत धरून अर्धवट उठलेली दिसली. कपाळावर घाम होता आणि चेहरा मात्र खुललेला.

"दुखून राहिली," ती म्हणाली. "पयल्यासारखी झाली माही कंबर."

मला तिचा भयंकर राग आला. मी हात देऊन तिला उठवलं. ती बांधीवर गेली. त्या दिवशी ओळीत पहिली तीच होती, आणि आनंद मानावा की रडावं, हे मला काही केल्या कळेना.