आज हिचं काही वेगळं आहे

जाधव काकू उभ्या उभ्याच जगल्या. चहा उभ्याने, जेवण बहुतेक उभ्याने, आणि गप्पा मारायच्या तर अंगणात येरझाऱ्या घालत. समोरच्या माणसालाच बसावंसं वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्याचं कळलं, तेव्हा मला आधी आठवलं ते त्यांचं हे एका जागी न ठरणं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्या एका बकरीभोवती गोल गोल फिरत होत्या. मी मानपुरच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. घर इंदूरला सुदामा नगरात, रोजचं येणंजाणं. कागदावर मी 'शेळी' लिहीत असे, पण आम्हा इंदूरच्या मराठी माणसांच्या तोंडात बकरीच येते. दवाखान्याच्या आवारात एक उंच, सडपातळ बाई पदर खोचून बकरीला प्रदक्षिणा घालतेय, हे पाहून मी बाहेर आले.

"काय झालंय हिला?"

"काही नाही. गाभण आहे का बघतेय."

"फिरून कसं कळेल? आत आणा, मशीन लावून बघते."

"लावा ना मॅडम, मशीन पण लावा. पण आधी मी सांगते, मग त्याला विचारा. साडेतीन महिने झालेत. दोन आहेत."

मशीनने साडेतीन महिने बरोबर सांगितले. पिल्लं किती ते मला नीट दिसेना. दीड महिन्याने त्या निरोप द्यायला स्वतः आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दोनच झाली हो. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून आले."

काकू मूळच्या इंदूरच्याच, मल्हारगंजच्या. आजेसासरे संस्थानाच्या रिसाल्यात होते. "आमच्याकडे घोडे होते, आता बकऱ्या आहेत. चार पाय तेवढे शिल्लक राहिले," असं त्या हसत सांगत. काका आजारी असताना त्यांना दूध म्हणून एक बकरी आणली. काका गेले, बकऱ्या वाढत गेल्या. गल्लीत स्कूटर वळायला जागा नाही, तिथे सहा बकऱ्या कुठे ठेवणार? म्हणून काकूंनी मानपुरला रस्त्यापासून आत एक जुनं घर आणि मोठं अंगण घेतलं, आणि एकट्या राहू लागल्या. एकुलती मुलगी वर्षा लग्न होऊन इंदुरातच होती.

त्यांचं निदान मी हळूहळू शिकत गेले. बोकड दाखवल्यावर एकवीस दिवसांनी बकरी पुन्हा माजावर आली नाही, तर त्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढत. "पण रेघेवर भरोसा नाही ठेवायचा," हेही लगेच सांगत. तीन महिने उलटले की बकरीच्या मागे वाकून, दोन्ही हात पोटाखाली कासेच्या पुढे नेऊन हलकेच वर उचलत आणि सोडत. "डावीकडे चारा असतो, तिकडे बघून फसायचं नाही. उजवीकडे खाली हात ठेवायचा. आत काहीतरी टक्क करून हाताला लागतं. लागलं की लागलं."

एकदा मी याच गोष्टीत सपशेल तोंडघशी पडले. काकूंची मोरी नावाची बकरी पोटाने चांगली फुगली होती. बाहेर रांग होती, मी घाईत मशीन लावलं, पडद्यावर पाणी दिसलं आणि मी म्हटलं, "गाभण आहे. न्या."

काकू हलेनात. "पाणी आहे मॅडम. बच्चा नाही. हाताला काही लागत नाहीये."

मी जरा चिडूनच म्हटलं, "काकू, मी शिकलेय हे."

त्या गेल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा मोरीला घेऊन आल्या. या वेळी मी दार लावून शांतपणे पाहिलं. गर्भाशयात पाणीच पाणी, पिल्लू नव्हतंच. असं होतं बकऱ्यांत; शरीर गाभण असल्यासारखं वागतं आणि आत काही नसतं. मी इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी सगळं पाणी निघून गेलं. मोरीची मान खाजवत काकू एवढंच म्हणाल्या, "बिचारी वाट बघत होती." त्या दिवसापासून मी त्यांना आधी विचारू लागले, आणि त्या मला मॅडमऐवजी बेटा म्हणू लागल्या.

पण त्यांची खरी परीक्षा असे ती व्यायच्या दिवशी. बकरीची तारीख दहा दिवसांवर आली की काकूंची येरझार दुप्पट होई. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोरीसारखे ताठ स्नायुबंध असतात, ते चाचपत. "दोर ढिले पडले की समजायचं, आता आज-उद्या." कास ताठ भरली, कुशीला खळगा पडला, चिकट स्राव दिसला, हे सगळं त्या पाहतच. तरी त्यांचा सगळा भर होता तो बकरीच्या वागण्यावर. कळप सोडून ती कोपऱ्यात जाते. पुढच्या पायाने जमीन उकरते. बसते, उठते, पुन्हा बसते. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघते, आणि कधी नाही इतक्या हळू आवाजात पोटाशी बोलल्यासारखी मेंमें करते. "तारीख काहीही असो बेटा. आज हिचं काही वेगळं आहे, असं मनात आलं की तिथून हलायचं नाही."

मी एकदा विचारलं, "तारखेवर इतका राग का, काकू?"

त्या चालता चालता थांबल्या. वर्षाच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. नववा महिना, तारीख बारा दिवसांवर. दुपारी वर्षाचा सासरहून फोन आला, आई, सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. "मी म्हटलं, अजून दिवस आहेत, गॅस असेल. आणि मी इथे बकऱ्यांना पाला टाकत बसले. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तोवर बाळ गेलं होतं. मुलगा होता. बकरीची बेचैनी कळते मला, पोरीची कळली नाही." एवढं सांगून त्या पुन्हा चालू लागल्या. वर्षा त्यानंतर मानपुरला फार कमी यायची. आली तरी तासाभरात निघायची. ती मला माफ करत नाही, असं काकूंनी ठरवूनच टाकलं होतं.

त्या बाळंतपणानंतर सहा वर्षांनी वर्षाला पुन्हा दिवस राहिले. नववा महिना लागला, तशी ती चार दिवस आईकडे राहायला आली. तारीख तीन आठवडे लांब होती. त्यातल्याच एका सकाळी मी एका बकरीचा खूर बघायला गेले होते. वर्षा अंगणात होती. पोह्याची बशी तिने हातात घेतली आणि खाली ठेवली. खुर्चीवर बसली, उठली. आत जाऊन घड्या घातलेल्या साड्या पुन्हा मोडून घड्या घालू लागली.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. माझा दंड धरून त्यांनी मला गोठ्यामागे नेलं.

"बेटा, तू बघ तिला."

"काकू, मी बकऱ्यांची डॉक्टर आहे!"

"मग काय करू? माझे डोळेच चालत नाहीयेत. कालपासून मला वाटतंय की तिचं काही वेगळं आहे. पण मला तर दर मिनिटाला तसंच वाटतं. खरं कुठलं आणि भीती कुठली, काही समजत नाहीये."

मी वर्षाजवळ गेले. दुखतंय का? नाही. पाणी गेलं? नाही. "मग बाळ फिरतंय ना नीट?"

ती साडीची घडी घालता घालता थांबली. "काल दुपारपासून कमी वाटतंय. पण आईला सांगू नका हं, ती उगाच घाबरेल."

मी गाडीची किल्ली काढली.

मानपुर ते इंदूर हा रस्ता मी रोज करायची, पण त्या सकाळी तो संपेना. महूच्या आसपास ट्रकांची रांग लागली होती. मागच्या सीटवर काकू अखंड बोलत होत्या. कुठल्या बकरीला किती पिल्लं झाली, कुठलं आडवं आलं होतं, कुठलं पायाकडून. शेवटी वर्षा म्हणाली, "आई, बस ना अब. चुप बैठ." आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "बोल. तू बोललीस की बरं वाटतं."

वर्षाच्या नवऱ्याला मी निघतानाच कळवलं होतं. तो दवाखान्याच्या दारात उभा होता. बाळाचे ठोके मंदावले होते. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. काकू तो सगळा वेळ जिन्याने वर-खाली करत राहिल्या. मुलगी झाली. नाळेचे दोन वेढे मानेला होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. बाळ झोपलं होतं. वर्षाने मला बसायला सांगितलं आणि आईला हाक मारली.

"आई, पहिल्या वेळी तूच आली नाहीस, असं तू सगळ्यांना सांगतेस. खोटं का बोलतेस? तू तर पिशवी घेऊन निघालीच होतीस तेव्हा. मीच म्हटलं, येऊ नकोस. सासूबाईंकडे पाहुणे होते, तू बकऱ्यांतून धावत येशील, मला लाज वाटली. सहा वर्षं मला वाटतंय, तू मनातून माझ्यावर रागावली आहेस, आणि मला कुणी बोल लावू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतेस."

मी उठून जावं की थांबावं, कळेना. सुरकुत्या नसतानाही काकूंनी बाळाचं दुपटं दोनदा सारखं केलं.

"तू पोर होतीस," त्या म्हणाल्या. "पोरी नको म्हणतातच. तरी यायचं असतं, एवढंच मला तेव्हा माहीत नव्हतं."

वर्षाने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काकूंनीही तो काढून घेतला नाही.