अडतीस की एकोणचाळीस?

धुळ्यात पाचकंदीलजवळ जीवरामचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, दोन खुर्च्या आणि एक भिंग. नाणं आलं की भिंग डोळ्याला लावून तो इतका वेळ गप्प बसायचा, की गिऱ्हाईक आपणच भाव उतरवायचं. त्यातला निम्मा वेळ आपल्याला काहीच कळलेलं नसतं, हे तो मागाहून चहावर सांगून स्वतःच हसायचा. नाणं मग कागदी पाकिटात जायचं आणि वर दर्जा लिहिला जायचा : उत्तम, बरं, घासलेलं. उपदेश मात्र फुकट असे. नाणं धुवायचं नाही, आणि चिंचेनं तर मुळीच नाही!

१९८६च्या श्रावणात अभिमन नावाचा एस.टी.तला कंडक्टर त्याला एक नाणं दाखवायला पारोळ्याला आपल्या काकूकडे घेऊन गेला. काकू भिकुबाई, पोरबाळ नसलेली, एकटी राहणारी. तिच्या घरी कानबाई, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, बसली होती आणि कानबाईपुढे ताम्हनात चांदीचा एक रुपया होता. त्यावर मुकुट घातलेला जॉर्ज बादशहा हळदीकुंकवात माखून बसला होता. भिकुबाई त्याला लक्ष्मी म्हणत होती.

जीवरामनं खिशातलं भिंग काढलं. राजाच्या ठशावरून साल अडतीस किंवा एकोणचाळीस. अडतीस असेल तर नुसता चांदीचा भाव. एकोणचाळीस असेल तर दुर्मीळ, तो एक रुपया त्याच्या अख्ख्या दुकानाहून मोलाचा. पण साल मागच्या बाजूला होतं.

"अक्का, जरा उलटी करून बघू का?"

"लक्ष्मीले कोनी पालथी घालस का, भाऊ?"

"मग विकणार का?"

"लक्ष्मी काय इकानी चीज शे का?" भिकुबाई हसली. "पुढला साल बी या."

जीवराम पुढल्या साली गेला. त्याच्या पुढल्याही. म्हातारी कधीतरी पाठ फिरवेल, एवढीच त्याची भक्ती. त्यासाठी त्यानं नारळ वाहिले, बेसूर आरत्या म्हटल्या, अनवाणी पाणी भरलं. तिसऱ्या वर्षी लक्ष्मी घासायचा मान त्याला मिळाला. ताम्हनात सुलटी ठेवूनच घासायची, तीही चिंचेनं. समोर भिकुबाई डोळ्यांत तेल घालून बसलेली. अख्ख्या खानदेशाला चिंचेविरुद्ध उपदेश करणारा हा शहाणा मुकाट घासत राहिला आणि प्रत्येक घासण्यासरशी बादशहाचं नाक झिजताना बघत राहिला.

पाचव्या वर्षी भिकुबाई अंथरुणाला टेकलेली होती. पूजा झाल्यावर तिनं त्याच्या हातावर नैवेद्याचा जाड पोळीसारखा रोट ठेवला. कानबाईचा रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, हे जीवरामला ठाऊक होतं. त्यानं हात मागे घेतला, तर तिनं रोटावर तो रुपयाही ठेवला.

"आते मनाकडथीन व्हत नही. अभिमनना हातमा दिधी ते तो इकी टाकी. बाकीना बठ्ठा जेवाले येतस, भाऊ. तुम्हीच एकला देवकरता येतस."

जीवरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं काय ते सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर तिनं त्यात रोटाचा घास भरवला.

भिकुबाई त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेली. रुपया जीवरामच्या देव्हाऱ्यात आहे, सुलटा. दर श्रावणात तो चिंचेनं घासतो आणि मग दुकानात जाऊन चिंचेविरुद्ध बोलतो.

"अहो, आता तर तुमचाच आहे, एकदा उलटून बघा की," अभिमन अजून म्हणतो.

जीवराम बघत नाही. अडतीस निघालं तर पाच वर्षांचं आपलंच हसं होईल, ते तो सोसेल. भीती एकोणचाळिसाची आहे; मग लक्ष्मी देव्हाऱ्यात राहायची नाही. बाकी नाण्यांबाबत तो कितीही चुकला असला, तरी स्वतःचा दर्जा त्याला भिंगाशिवाय कळतो.