काकांच्या गाडीचे दोन पिवळे दिवे

काका रस्त्यावर गेले नाहीत.

आज महिना झाला. जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. काका पहाटे सहाच्या सुमारास, नळदुर्गला, स्वतःच्या घरात, पलंगावर गेले. हृदयविकार.

२. त्यांची मोटारसायकल अंगणात उभी होती. बाराव्या दिवशी मी स्विच टाकून पाहिला. हेडलाइट आणि खालचे दोन पिवळे दिवे, तिन्ही लागत होते.

३. तेराव्याला जेवणं चालू असताना काकांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, दादाने, ते दोन पिवळे दिवे ते धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांसकट काढले. नट नीट खोलले. वायर मात्र पकडीने कापली. तिथे कनेक्टर होता, तो दोन बोटांनी निघतो.

४. दिवे कुठे आहेत, असं मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही मेसेजवर निळ्या खुणा आहेत. उत्तर नाही.

तेराव्याला आलेले एक पाहुणे गाडीकडे बघून म्हणाले, "एवढे दिवे लावून काय उपयोग झाला?"

उपयोग झाला.
नऊ वर्षं हे दिवे लावून हायवेवरून ये-जा करून माणूस रिटायर झाला आणि घरात वारला.

काका चित्रकलेचे शिक्षक. शाळा तुळजापूरच्या वाटेवर.

नऊ वर्षांपूर्वी, सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, ढाब्यातून निघालेली एक जीप त्यांना आडवी आली. काकांचा हेडलाइट चालू होता. तरीही. डावं मनगट मोडलं.

जीपवाला दवाखान्यात आला. हात जोडून म्हणाला, "आईच्यान सांगतो गुरुजी, तुमी लई लांब वाटलात."

घरातले त्याच्या अंगावर धावून गेले. काकांनी त्याला चहा पाजून पाठवला.

"खोटं नाही बोलत तो," मला म्हणाले. मग स्वतःच्याच प्लास्टरवर पेन्सिलने दोन चित्रं काढली. एकात एक ठिपका. दुसऱ्यात तीन, त्रिकोणात. वर एक, खाली दोन.

"हा एकटा ठिपका जवळ येतोय का लांब उभाय, सांग."

"नाही सांगता येत."

"आता हे तीन. जवळ आले की यांच्यातलं अंतर?"

"वाढतं."

"झालं तर. इंजिनिअरीणबाई, वायरिंग तुमचं."

मी तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाला होते. दोन एलईडी बसवले, तीन-तीन वॉटचे, पिवळे. लेगगार्डच्या दोन टोकांना, जमतील तितके लांब-लांब. फ्यूज वेगळा. तोंड किंचित खाली. दिवसासुद्धा चालू ठेवायचे.

तोंड खाली का, तर काका म्हणाले, "रस्ता दिसायला हेडलाइट आहे. हे आपण दिसायला. समोरच्याचे डोळे दिपवले तर तो आपल्यावरच येईल."

मी आधी चांगल्या कंपनीचे महाग दिवे सुचवले होते.

"स्वस्तातले आण. फुटले, चोरीला गेले, तर दुसऱ्या दिवशी परत लावता आले पाहिजेत. महागाचा दिवा गेला की माणूस महिनाभर तसाच फिरतो."

पट्ट्या त्यांनी स्वतः केल्या. शाळेच्या मोडक्या फळ्याच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून. कानस मारून कडा गोल केल्या.

मग मला वही देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं. ते लांबून यायचे. मी दोन गोष्टी लिहायच्या: दिवा कुठल्या झाडापाशी दिसला, आणि गाडी येतेय हे कुठल्या झाडापाशी कळलं. सातव्या फेरीला त्यांचं समाधान झालं. माझे पाय दुखत होते.

गावात लोक हसायचे.

"गुरुजी, वरात कुणाची?"

"माझीच. नवरी मागं बसलीय."

मागून काकी: "नवरदेवानं पेट्रोल भरलंय का, तेवढं इचारा."

एकदा एक ट्रकवाला त्यांना म्हणाला, "मला रिक्षा वाटली, म्हणून थांबलो." घरी येऊन काकांनी ते तीनदा सांगितलं. "रिक्षा समजू दे, नाहीतर रेल्वे समजू दे. थांबला ना?"

आता तेराव्याचं.

भावाचं म्हणणं, गिऱ्हाईक येणार आहे, जत्रेतल्या पाळण्यासारखी गाडी कोण घेईल.

मी म्हटलं, मी घेते.

"तू? हायवेवर? एसटी बंद पडलीय का?"

मी तुळजापूरला मोटार रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करते. एसटीच्या वेळा मला पाठ आहेत. गाडी त्यासाठीच हवी आहे.

काकी उठली, आत गेली, चावी आणून माझ्या हातावर ठेवली.

"गाडी माज्या मालकाची," ती मुलाला म्हणाली. "इकायची का न्हाय, ते मला इचारायचं."

मग माझ्याकडे वळून, "दिव्याबिगर अंगणाच्या भाईर न्यायची न्हाय पण. सांगून ठिवते."

दादा, तू हे वाचतोयस.

नवीन दिवे काल आणले. स्वस्तातलेच. कापलेली वायर जोडली, फ्यूज तपासला. सोमवारी सकाळी मी त्या गाडीवरून कामाला जाणार आहे. जुने दिवे तू ठेव. तुझ्या बाइकला लाव, तूही रोज हायवेवर असतोस. वायरिंग मी करून देईन.

पट्ट्या मात्र दे.

एकीच्या मागे काकांनी पेन्सिलने "डावी" लिहिलंय, दुसरीच्या मागे "उजवी". दोन्ही अगदी सारख्या आहेत, कुठल्याही बाजूला बसतात. तरी त्यांनी लिहिलं होतं.

काका, त्रिकोण होता तसाच राहील. नमस्कार.

दादा, पट्ट्या देणार की नाही, एवढंच. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.