वाजला की थांबायचं

बँजो गळ्यात अडकवला की तो आधी शर्टाच्या खिशावर दोनदा थाप मारायचा. मोबाइल जागेवर आहे याची खात्री झाली की आम्हा तिघांच्या खिशांकडे बघायचा. "वाजला की थांबायचं. कुनाचा बी असू. नवरदेव घोड्यावर असू का घोड्याखाली."

लोकांना ही लहर वाटायची. तुम्हालाही वाटली असती.

तो नेकनूरचा. आधी एका गाणाऱ्या मालकाच्या बँजो पार्टीत होता. वाजवताना कुणाचं ध्यान जाऊ नये म्हणून वरातीआधी मालक सगळ्यांचे मोबाइल एका कापडी पिशवीत जमा करून घ्यायचा. एकदा भर वरातीत याच्या घरून फोन आला. मालकानं उचलला, ऐकलं आणि पिशवीत परत टाकला. वरात मांडवात पोचल्यावर सांगितलं, "तुजी आई गेली." तोवर हा तीन तास नाचाची गाणी वाजवत होता. गावी पोचला तेव्हा सरण विझत आलं होतं.

मालकाचं म्हणणं एवढंच होतं, "मदीच सांगितलं असतं तर वरात मोडली असती की."

हा भांडला नाही. त्यानं आमच्या भागातल्या नावाजलेल्या पार्ट्यांतून एकेक हुकमी माणूस फोडला. नांदूरघाटहून मी, पॅडवाला. मांजरसुंब्याचा कॅसिओवाला. केजकडचा हलगीवाला. गाणारा मुद्दाम घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गानारा कशाला पाहिजे रं? त्याला सोताचाच आवाज ऐकू येतो."

मांजरसुंब्याला एका ढाब्यामागं दुपारची तालीम चालायची. एकेक तुकडा वीस मिनिटांचा. मधेच सगळं बंद आणि एकटी हलगी, मग सात मात्रांवर सगळे एकदम. ट्रकवाले हातात भाकरी घेऊन ऐकायला यायचे आणि विचारायचे, "गानं कवा सुरू होनार?" पहिल्याच लग्नात नाचणारे जागच्या जागी थबकले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "लई भारी हाय, पन पाय कुठं टाकावा ते कळंना." दोन वर्षांत मात्र लोक आमची तारीख बघून लग्नाची तारीख धरू लागले.

तरी त्याचं समाधान नव्हतं. आमच्याकडे दोन वराती मारुतीपुढं समोरासमोर आल्या की वाजवणाऱ्यांची झुंज लागते, आणि जो आधी थांबेल त्यानं रस्ता सोडायचा. कुठलंही लग्न घेताना तो विचारायचा, "त्या दिशी दुसरी वरात कुनाची हाय?" त्याला मालक समोर हवा होता. खरं सांगतो, मलाही हवा होता. आमची दोस्ती पार्टीच्या आधीची, त्याच्या आईच्या हातचं मी जेवलो होतो.

चौथ्या वर्षी माझ्याच गावात गाठ पडली. अर्ध्या तासात मालकाचा घसा बसला, आवाज फाटू लागला. त्याचे वाजवणारे घामानं निथळत एकमेकांकडे बघू लागले. आणखी दोन मिनिटं पुरली असती. तेवढ्यात माझा खिसा वाजला, मोबाइलचा उजेड शर्टातून दिसू लागला.

मी वाजवतच राहिलो. त्यानं मात्र तारांवरून हात उचलला.

"उचल."

उचलला. रिचार्ज करा म्हणून सांगणारी बाई होती.

मालक माइकवरून हसला. आमच्या वरातीनं रस्ता सोडला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "वाजू द्यायचा व्हता की."

"अन् घरचा असता तर?" तो म्हणाला. "मालकाला मी सोडनार न्हाई. पन असं न्हाई."

दुसरी गाठ पडलीच नाही. गेल्या साली छातीत कळ येऊन तो गेला. तेराव्याच्या दुपारी मालक स्वतःचा माइक घेऊन दारात आला. "मोठा कलावंत व्हता. दोन भजनं म्हनतो," म्हणाला.

मी आत गेलो, भिंतीवरची एक कापडी पिशवी काढली आणि त्याच्यापुढं उघडी धरली.

"मालक, आधी मोबाइल जमा करा."

अंगणातल्या सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. मालकाचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग त्यानं माइक उचलला आणि मान खाली घालून गेला. त्याला लागलं असेल. लागावं म्हणूनच केलं.

बँजो फोटोखाली ठेवला होता. आम्ही तिघांनी त्याची जागा मोकळी सोडून तो वीस मिनिटांचा तुकडा पुरा वाजवला. माझं लक्ष सारखं खिशाकडं जात होतं. मोबाइल कुणाचाच वाजला नाही.