बबनने जुळवलेलं हँडल

आज गॅरेजात मेकॅनिकने एका तरुणाला मोटरसायकलवर बसवलं. पुढे वारा अडवणारं नवं फेअरिंग लावायचं होतं; छातीवरचा वाऱ्याचा आधार गेला की अंगाचा भार मनगटांवर येतो. "डोळे मीट, हात सहज पुढे कर," तो म्हणाला. हात जिथे थांबले, तिथे त्याने हँडल आणलं.

माझ्या गाडीला फेअरिंग लावताना बबन मिस्त्रीनेही असंच हँडल दोन बोटं वर घेतलं होतं. "साहेब, रुबाब थोडा कमी दिसेल, पण मनगटं दुवा देतील." मी चारचौघांत त्याला अडाणी म्हणालो. पुढे वर्षानुवर्षं मनगट दुखलं नाही, तेव्हा हँडल मीच जुळवलं असं सांगत फिरलो. बबन ऐकून नुसता हसायचा.

आता बबन नाही. ते हँडल त्याने जुळवलं होतं. हे लिहिणारं मनगट अजूनही दुखत नाही.