पाहुण्यांची बटणं

दत्ताराम साळसकर अडतीस वर्षं हिंदमाता बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गादीवर उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा. समोर बसलेल्या बायकांना साडी नेसल्यावर कशी दिसेल हे दाखवायचं, तर ती कुणीतरी अंगावर घ्यावी लागते, आणि दुकानात ते काम त्याचं होतं. शर्ट-पँटवरच झरझर निऱ्या घालून, पदर डाव्या खांद्यावर टाकून तो आरशासमोर वळायचा. बायका त्याच्याकडे बघायच्या नाहीत, साडीकडे बघायच्या. त्याला ते बरं वाटायचं. दुकानाबाहेर मात्र त्याने खांद्यावर कधी साधा टॉवेलसुद्धा टाकला नाही.

लग्न केलं नाही. आधी बहिणीचं व्हायचं होतं, मग आई अंथरुणाला खिळली, मग वय झालं. विचारणारे थकले आणि लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली त्याच्या एकट्याची झाली.

दुकानात त्याच्याबरोबर अभय नाबर होता. जड रेशमी साडीची घडी एकट्याला जमत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, मधला झोळ झटकायचा आणि चालत एकमेकांजवळ येऊन टोकाला टोक लावायचं. अकरा वर्षं ते दोघं रोज दहा-बारा वेळा असे एकमेकांजवळ चालत आले. शेवटच्या पावलाला अभयची बोटं त्याच्या बोटांना लागायची. याहून जास्त काही घडलं नाही, आणि याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. पुढे अभय भावाच्या दुकानात कुडाळला गेला. दोन वर्षांनी बायकोला घेऊन आला. "दत्ता, तूच दाखव," म्हणाला. दत्तारामने मोरपिशी साडी खांद्यावर घेतली आणि आरशासमोर वळला. बायको काठ बघत होती. अभय आरशात बघत होता. साडी पसंत पडली, पिशवीत भरली, आणि तो परत कधी आला नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी दत्तारामच्या दारात एक मुलगी उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. नाव प्रिती. टीव्हीवर कुठला कार्यक्रम किती लोक बघतात ते मोजणाऱ्या कंपनीतून ती आली होती. यादीत त्याचं घर निघालं होतं.

"टीव्हीला एक छोटी पेटी लावणार, काका. हा तिचा रिमोट. टीव्ही बघायला बसलात की एक नंबर दाबायचा, उठलात की परत दाबायचा. पाहुणे आले तर ही खालची बटणं. आणि कुणाला सांगायचं नाही हं, अगदी शेजाऱ्यांनाही नाही."

"माझ्या एकट्याच्या बघण्याने काय कळणार तुम्हाला?"

"तुमचं घर म्हणजे तुमच्यासारखी हजारो घरं, असं धरतो आम्ही."

"माझ्यासारखी हजारो?" दत्तारामने विचारलं.

"हो ना," ती स्क्रू आवळत म्हणाली.

पाहुण्यांची बटणं लगेच कामाला आली. घरोघरी टीव्ही होते, पण घरोघरी कुणाला क्रिकेट हवं असायचं, कुणाची परीक्षा असायची. त्यामुळे 'तिसऱ्या मजल्यावरचे जावई' ही मालिका बघायला साडेआठला मंडळी दत्तारामकडे जमायची. शेजारच्या जाईबाई स्वतःचा पाट घेऊन यायच्या. समोरचा रघु परब आणि त्याची बायको सुभद्रा पलंगावर बसायचे. मालिका विनोदी होती. सासरी राहणारा जगू जावई सासूची मर्जी राखायला रोज नवी युक्ती काढतो आणि रोज आपटतो, एवढंच. पण जगूचं काम करणारा उन्मेष दाभोळे असा होता, की त्याने नुसतं दार उघडून आत डोकावलं तरी जाईबाईंना ठसका लागायचा. रघु तर पुढचा विनोद आधीच सांगून टाळी मागायचा. दत्ताराम एक नंबर दाबायचा, मग उशीखाली हात घालून हळूच पाहुण्यांची तीन. दिवसभरात त्या खोलीत माणसाचा आवाज होई तो त्या अर्ध्या तासात.

एप्रिलमध्ये, मसाल्याच्या मिरच्यांनी सगळं लालबाग खोकत असताना, एका रविवारी उन्मेष दाभोळेने स्वतःचा आणि आणखी एका माणसाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं की आम्ही नऊ वर्षं एकत्र राहतोय, हे माझं घर आहे, आता लपवायचं नाही. दुपारपर्यंत तो फोटो चाळीतल्या प्रत्येक फोनवर होता.

सोमवारी सगळे आले. जरा लवकरच आले. त्या दिवशीच्या भागात जगू बायकोच्या केसात गजरा माळताना सासू बघते, असा प्रसंग होता. एरवी खोली दणाणली असती. कुणी हसलं नाही.

"आता काय मजा राहिली?" रघु म्हणाला. "सगळं खोटंच की."

"अरे, नाटकच ता," जाईबाई म्हणाल्या. "पयल्यापासून खोटाच होता."

"तसं नाही ओ. आता जगू दिसतच नाही. तो दुसराच दिसतो." मग रघु दत्तारामकडे वळला. "काय दत्तामामा? तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्न साधा होता. रघुच्या मनात काही असेल किंवा नसेलही. "मला काय वाटायचंय," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला. पुढचा अर्धा भाग त्याने स्टोव्हकडे तोंड करून ऐकला.

मंगळवारी रघु आणि सुभद्रा आले नाहीत. बुधवारी गॅलरीत रघु भेटला. "अजून बघता तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि हसला. त्या संध्याकाळपासून दत्तारामने आवाज कमी केला. जाईबाईंना ऐकू येईना, त्या "वाढव रे" म्हणत, आणि तो आवाजाची एकच काडी वाढवी.

पेपरात छापून आलं की फोटोच्या आठवड्यात मालिका पहिल्या नंबरवर होती. लोक बघायला आले होते, हसायला नव्हे. मग आकडा घसरू लागला. दत्तारामला ते पेपराआधी जाहिरातींवरून कळलं. सोन्याचं दुकान गेलं, तेल गेलं, मसाला गेला. मधल्या वेळात चॅनेल स्वतःच्याच मालिकांचे तुकडे दाखवू लागलं. जूनमध्ये जगूला दुबईला नोकरी लागली. आता तो दिवसाआड, फोनच्या चौकटीत, दोन मिनिटं दिसायचा. त्या चौकटीतही तो हसवायचा. सासू फोन उलटा धरायची आणि जगू मान वाकडी करून बोलायचा. दत्ताराम तोंडावर हात धरून हसायचा.

ऑगस्टमध्ये साडेआठची वेळ नव्या मालिकेला गेली आणि 'जावई' संध्याकाळी सहाला आले. पहिल्या दिवशी सहाला जाईबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दत्ताराम दार उघडं ठेवून बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याने दार लोटून घेतलं आणि मनाशी म्हणाला, ठीक आहे, त्यांनाही कुणी काही बोललं असेल.

त्याच दिवशी त्याने एक नंबर दाबला, आणि मग पाहुण्यांची तिन्ही बटणं दाबली.

दुकानात त्याने कधी कुणाला मागावरचा दोष झाकून साडी विकली नव्हती. आपण खोटं करतोय हे त्याला चांगलं कळत होतं. पण पेटीवर चार दिवे लागले की खोली जरा भरल्यासारखी वाटायची. आणि प्रितीने सांगितलं होतंच, हे घर म्हणजे हजारो घरं. त्या हजारो घरांत पाट मांडून, पलंगावर पाय घेऊन लोक बसले आहेत आणि जगू मान वाकडी करून बोलतोय, असं त्याला डोळ्यांसमोर आणता यायचं. दिवाळी गेली. रोज सहाला चार दिवे.

डिसेंबरात एका संध्याकाळी साडेपाचला प्रिती आली. पेटी तपासली, तारा हलवून बघितल्या, मग स्टुलावर बसली.

"काका, पेटी चांगली आहे. पण तुमचे तीन पाहुणे रोज एकाच सेकंदाला येतात आणि एकाच सेकंदाला जातात. असं कसं?"

"वेळेचे पक्के आहेत."

"मग आज येतील ना? मी थांबते."

दत्तारामने चहा केला. सहा वाजले. सुरुवातीचं संगीत वाजलं. बाहेर गॅलरीतून चपलांचे आवाज आले आणि पुढे गेले. त्याने एक नंबर दाबला आणि रिमोट मांडीवर ठेवून बसला. प्रितीने दाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग हात लांब करून पाहुण्यांचं एक बटण तिने स्वतःच दाबलं.

"मी आहे ना पाहुणी," ती म्हणाली.

त्या दिवशी जगूचा फोन अडकतो आणि तो तोंड उघडं ठेवून तसाच राहतो, असा प्रसंग होता. प्रिती खळखळून हसली. चार महिन्यांत त्या खोलीत दुसरं कुणी हसलं नव्हतं. दत्तारामचे डोळे भरून आले, आणि ती बघेल म्हणून तो कप विसळायला उठला.

"त्या फोटोनंतर येत नाहीत का?" तिने पाठमोऱ्या दत्तारामला विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही का बघता?"

तो बराच वेळ कप विसळत राहिला. "चांगलं काम करतो तो," शेवटी म्हणाला.

प्रिती उठली. तिचा चेहरा उतरला होता. "मला हे कळवावं लागेल, काका. पेटी काढतील. मी लपवलं तर माझं..."

"नको लपवू. तुझी काही चूक नाही. मीच चुकलो."

पुढच्या आठवड्यात दुसराच माणूस आला आणि पेटी काढून घेऊन गेला. भिंतीत चार भोकं राहिली. जानेवारीत मालिका संपली. शेवटच्या भागात मालिकेतले सगळे आपली चाळ सोडून निघाले. जगू दुबईहून आलाच नाही. त्याचं नुसतं पत्र वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत पेपरच्या कोपऱ्यात बोटभर जाहिरात होती. उन्मेष दाभोळेचं नाटक, दादरला, शनिवारी दुपारी चार वाजता. दत्तारामने इस्त्रीचा शर्ट काढला. चाळीत कुणी विचारलं तर दातांच्या डॉक्टरकडे, असं ठरवून तो निघाला. कुणी विचारलं नाही.

नाट्यगृह अर्धंही भरलं नव्हतं. तो चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसला. नाटक बेताचं होतं, पण उन्मेष नुसता आत डोकावला आणि दत्ताराम हसला. मोठ्याने हसला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. त्याने तोंडावर हात धरला नाही.

नाटकानंतर लोक नटाला भेटायला आत जातात. त्या दिवशी फार कुणी नव्हतं. उन्मेष आरशासमोर बसून कापसाने रंग पुसत होता. जवळून तो बराच थकलेला आणि वयाने मोठा दिसत होता.

"मी मालिका बघायचो," दत्ताराम म्हणाला. "सगळे भाग. शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत?" उन्मेष हसला. "मग तुम्ही आणि माझी आई. बसा ना, काका. घरचे सगळे बघायचे?"

"घरी कुणी नाही. मी..." दत्तारामने मागे बघितलं. दारात कुणी नव्हतं. "मीपण तसाच आहे. तुमच्यासारखा."

अडुसष्ट वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं होतं. आवाज इतका लहान निघाला, की ऐकू गेलं की नाही याची त्याला शंका आली. उन्मेषच्या हातातला कापूस थांबला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दत्तारामचा हात हातात घेतला.

"कोणी होतं, काका?"

"दुकानात होता एक."

"त्याला माहीत होतं?"

"विचारलं नाही मी."

बाहेर सामान हलवायला सुरुवात झाली होती. "एक फोटो काढू या आपण?" उन्मेष म्हणाला. दत्ताराम घाईने उठला. "नको, नको. फोटो नको." मग आपण फार तोडून बोललो असं वाटून म्हणाला, "तुम्ही काम सोडू नका." आणि निघाला.

दादरहून तो चालतच आला. हिंदमाताला दुकानात दिवे लागले होते. गादीवर एक नवा पोरगेलासा सेल्समन साडी नुसती हातावर धरून दाखवत होता. दत्ताराम थांबला नाही. त्याला हलकं वाटत होतं आणि त्याच वेळी फार एकटं वाटत होतं. बोलून झालं होतं, आणि ज्याला सांगितलं तो माणूस पुन्हा भेटणार नव्हता.

चाळीच्या गॅलरीत जाईबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"खंय गेल्लंस रे, इस्त्री करून?"

डॉक्टरचं ठरवलेलं उत्तर तोंडात आलं होतं. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं. "नाटकाला. त्या उन्मेषच्या."

"जगूच्या?" जाईबाईंनी लसूण खाली ठेवला. "अजून हसवता काय रे तो?"

"हसवतो."

"मगे माका कित्याक नाय नेलंस?"

दत्ताराम त्यांच्याकडे वळला. "तुम्ही बघायचं सोडलंत ना. सहाला यायचं बंद केलंत."

"सहाक नात येता शाळेतून. तिका खाऊक कोण घालतला, तू?" जाईबाई चिडल्याच. "मी सुनेक सांगलंय पण, दत्तूक सांग म्हणून. तिना नाय सांगल्यान? आणि तू तरी एकदा विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. मधल्या भिंतीपलीकडे, दहा पावलांवर त्या होत्या, आणि सहा महिने तो दार लोटून बसला होता. खिशातली किल्ली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. जाईबाई पुन्हा लसूण सोलू लागल्या.